नाव खरवडलेली रेकॉर्ड

बॅरन शब्दाला जागेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. तरी त्या शनिवारी सेंट ब्रेंडन शाळेच्या जत्रेत तळलेल्या माशांचं टेबल मांडताना मी त्याला पुन्हा बजावलं.

"ती रेकॉर्ड आज लावायची नाही. छावणीचा बँड येतोय. ऐकतोयस ना?"

"मिस आयसिल्डा, मी काय खुळा आहे?" तो स्पीकरच्या तारा जोडत म्हणाला. "आईची शपथ, नाही लावत."

"तुझी आई अजून जिवंत कशी, याचंच मला नवल वाटतं."

बॅरनचं खरं नाव लायनेल टलक; मला मिस म्हणायचा ते आमच्याकडे लग्नाच्या बाईलाही म्हणतात तसं. कपाटाएवढे स्पीकर ट्रकवर घालून तो किंग्स्टन शहरभर नाचाचे कार्यक्रम करायचा. आधी अमेरिकेच्या रेकॉर्डी लावायचा. बोटीवरची माणसं मायामीहून, न्यू ऑर्लिन्सहून आणून द्यायची. मग तिकडच्यांना काय झालं कोण जाणे, गाणी मिळमिळीत यायला लागली. आमच्या लोकांचे पाय हलेनात. तेव्हा बॅरनसारख्यांनी ठरवलं, आपली गाणी आपणच करू. त्यासाठी वाजवणारे हवेत, म्हणून हा बाबा माझ्या दारात आला, माझ्या नवऱ्याला न्यायला.

माझा नवरा एनोस लष्कराच्या छावणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. तिथला नियम साधा होता: बाहेर पैसे घेऊन वाजवलं की हकालपट्टी. आणि आम्हाला पुढच्याच महिन्यात छावणीतलं घर मिळणार होतं. दोन खोल्या, आणि नळ घरात! आम्ही राहायचो त्या आवारात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ, आणि रोज सकाळी तिथे आधी बादल्या वाजायच्या, मग तोंडं. त्या घरातल्या नळासाठी मी देवाला इतकं छळलं होतं की तोही कंटाळला असेल.

"मी मागे राहून नुसतं पॅप-पॅप करणार," एनोस मला म्हणाला होता. "चौघांच्या घोळक्यात कोण ओळखतंय?"

पण स्टुडिओत सॅक्सोफोनवाला आला तो सुजलेला गाल घेऊन. दाढ ठणकत होती, त्याला ओठ मिटवेनात. स्टुडिओचं भाडं चढत होतं. गिटार आणि पियानो नेहमीच्या ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होते. तसलं काहीतरी तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्याला धड नावही नव्हतं. बॅरनने एनोसकडे बोट केलं. आणि माझ्या शहाण्याने मधला सगळा तुकडा एकट्याने वाजवला!

रेकॉर्ड तयार झाल्यावर बॅरनने तिच्यावरचं नाव नाण्याने खरवडून टाकलं. सगळेच टाकायचे, दुसऱ्या स्पीकरवाल्याला गाणं कुठलं ते कळू नये म्हणून. पण नाव खरवडता येतं, फुंक कशी खरवडणार? एनोस सुरावर सरळ जात नाही. खालून हळूच वर चढतो, आणि सोडताना सुराला थोडं थरथरवतो. अनाथाश्रमातल्या बँडमध्ये वाजवायचा तेव्हापासूनची त्याची ही खोड. ज्याने एकदा ऐकलं तो विसरत नाही. मी तर त्यावरच फसले होते.

जत्रेत बँडने आधी दोन लष्करी मार्च वाजवले, मग एक वॉल्ट्झ. मग सुट्टी झाली. बँडमास्तर मिस्टर थॉर्नली नन्सबरोबर चहा प्यायला गेले. एनोस लाल जाकीट सावरत माझ्याकडे आला आणि माशांबरोबरच्या बॅमी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"घाम बघ किती आलाय," मी म्हटलं. "सावलीत बस."

तेवढ्यात मैदानाच्या टोकाला आरडाओरड सुरू झाली. बॅरनने कुठलीशी जुनी अमेरिकन रेकॉर्ड लावली होती आणि पोरं पाय आपटत होती. "ती लाव! बिननावाची लाव! नाहीतर गाशा गुंडाळ!" मी मासे तसेच टाकून धावले.

"बॅरन! शब्द दिलायस!"

"लोक माझे स्पीकर फोडतील, मिस आयसिल्डा! एकदाच लावतो. तो गोरा तिकडे चहा पितोय, त्याला काय कळणार?"

"तुला कळत नाही म्हणून कोणालाच कळत नाही होय रे?"

त्याने सुई ठेवली.

ट्रम्पेट यायच्या आधीच सगळं मैदान उड्या मारत होतं. मग एनोसचा तुकडा आला. मी मागे वळून पाहिलं. झाडाखाली मिस्टर थॉर्नलींनी कप बशीत ठेवला होता आणि मान एका बाजूला कलती केली होती. सरावाला एखादा चुकला की ते अशीच मान करायचे, एनोसने घरी किती वेळा नक्कल करून दाखवली होती. ते उठले आणि गर्दीतून वाट काढत बॅरनपाशी आले.

"हा ट्रम्पेट कोणाचा?"

"मायामीचा माणूस आहे, सर," बॅरन म्हणाला. "मोठा कलाकार."

"नाव?"

बॅरनने रेकॉर्ड दाखवली. "खरवडलंय, सर."

मिस्टर थॉर्नली हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी मोठ्याने सांगितलं, "मुलांनो, एक गंमत करू. मायामीवाला आत्ता जे वाजवून गेला, ते आमचे तिघे ट्रम्पेटवाले वाजवून दाखवतील. बघू कोणाला जमतं!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं खेळच आहे. मला कळलं, ते चोर शोधत होते.

पहिल्याने कागदावरून वाचल्यासारखं सरळ वाजवलं. दुसरा एनोसचा दोस्त होता. बिचारा मुद्दाम भलतंच वाजवत सुटला, म्हणजे गोंधळ उडावा. मिस्टर थॉर्नली कोणाकडेच बघत नव्हते, खाली मान घालून नुसते ऐकत होते. मग एनोस पुढे झाला. ट्रम्पेट ओठाला लावण्याआधी त्याने गर्दीत मला शोधलं.

मी मान हलवली. नको. बिघडव.

आणि त्याने बिघडवलं. पहिलाच सूर फाटला, दुसरा घसरला, तिसरा आलाच नाही. लोक खो-खो हसायला लागले.

"सोल्जर, आत मांजर अडकलंय का रे?"

"याला ढोल द्या, ढोल! तो तरी फाटेल तर फाटेल!"

मिस्टर थॉर्नलींनी मान वर केली. सुटका झाल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला. "ठीक आहे, एनोस. तू नाहीस तर."

वाचलो! घर वाचलं, नळ वाचला. मला आनंद व्हायला हवा होता. पण एनोसही हसत होता. त्या लोकांबरोबर, स्वतःलाच, ओठ फाकवून, माफी मागितल्यासारखं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असलं लाचार हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आणि शेजारची कैरीवाली मला कोपर मारून म्हणाली, "बाई गं, हाच ना तुझा नवरा? याला पगार कशाचा देतात?"

माझ्या जिभेला मुळात हाड नाही. त्यात डोकं फिरलं.

"एनोस!" मी ओरडले. "नीट वाजव! ऐकव त्यांना!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्टर थॉर्नलींनीही. एनोसचं हसू गेलं. आता मी नको म्हणून मान हलवली नाही, की मान खाली घातली नाही. निदान तेवढं तरी केलं.

त्याने ट्रम्पेट उचलला.

खालून चढत पहिला सूर आला तेव्हा हसणारे गप्प झाले. मग पोरांनी टाळ्या धरल्या. बँडला देतात तशा ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. एनोस त्या टाळ्यांवर उभा राहून वाजवत गेला. रेकॉर्डवरचा तुकडा संपला, तरी तो थांबला नाही. पुढचं कोणीच ऐकलेलं नव्हतं, मीही नाही. कैरीवाली रडत होती. मीही रडत होते, आणि छाती अभिमानाने इतकी भरली होती की दुसरं काही सुचत नव्हतं. मिस्टर थॉर्नलींनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटचा सूर थरथरून विरला तेव्हा त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझ्या हाताखाली इतकं चांगलं कोणी वाजवलं नाही," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "गणवेश सोमवारी आणून दे. ट्रम्पेट आत्ता."

ट्रम्पेट छावणीचा होता. त्याआधीचा अनाथाश्रमाचा. माझ्या नवऱ्याचा स्वतःचा ट्रम्पेट कधी नव्हताच, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मला घर दिसत होतं, नळ दिसत होता, हे दिसलं नाही.

एनोसने तोंडाला लावायचा पितळी तुकडा तेवढा फिरवून काढला. "हा माझा आहे, सर." बाकीचा जाकिटाच्या बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला.

बॅरन धावत आला. "एनोस, भावा, सोमवारी स्टुडिओत ये! रोज ये!"

"कशावर वाजवू?" एनोसने विचारलं.

बॅरन स्पीकरच्या तारा गुंडाळायला लागला.

आम्ही उरलेले मासे फडक्यात बांधून बस धरली. मला म्हणायचं होतं की घर गेलं तर गेलं, ट्रम्पेट कुठूनही आणू, मी मासे दुप्पट तळीन. पण मी नुसती फडक्याची गाठ सोडत-बांधत बसले. एनोस खिडकीबाहेर बघत होता. त्याने माझं मनगट धरलं आणि त्याची तीन बोटं ट्रम्पेटच्या तीन कळांवर चालावीत तशी त्यावर चालायला लागली. दाब, सोड, दाब, दाब. जत्रेत वाजवलेलंच होतं ते, मला बोटांवरून कळत होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

क्रॉस रोड्सचा थांबा येईपर्यंत मनगट दुखायला लागलं होतं. मी ते काढून घेतलं नाही.