सातपुत्यांचा एच

जी-एच-ओ-एस-टी.

नेहरू नगरच्या क्लासमध्ये रत्नमालाबाईंनी फळ्यावर शब्द लिहिला आणि खडू ठेवून दिला. सत्तावीस वर्षं त्या मुलांना इंग्रजीचं स्पेलिंग शिकवत होत्या. सुरुवातीची दहा वर्षं त्या कारणंही सांगायच्या. नाइफमधला के लोक एकेकाळी खरोखर उच्चारायचे; जिभेनं तो टाकला, कागदानं टाकला नाही. डाउटमधला बी मात्र इंग्रजी तोंडात कधी नव्हताच. शब्दाचं लॅटिन कूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून बसवला. आयलंडमधला एस तर निव्वळ गैरसमज. मुलं तोंड उघडं टाकून ऐकायची.

"मॅडम, इसमें एच क्यों है?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"क्यों-व्यों कुछ नहीं बेटा. रट लो."

कारण सांगायला दम लागतो. आणि ते परीक्षेत येत नाही.

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. धाकटा भाऊ प्रवीण. "ताई, बाबाले घेऊन कॅम्प-1 ले ये. टायपिस्टनं कागद तयार ठेवला. आज झालं पाह्यजे, नाही तं गेलं."

◦

काय गेलं असतं, ते आधी सांगून टाकू.

प्रवीणची मुलगी समीक्षा नर्स झाली होती. दुबईच्या एका हॉस्पिटलनं तिला बोलावलं होतं, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं आणि पासपोर्ट नव्हता. पहिल्यांदा रायपूरला गेली तेव्हा खिडकीवरूनच परत पाठवली. मुलीचं आडनाव एक, बापाचं दुसरं; दोन्ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. दुसरी तारीख परवाची. त्याच्यापुढची तारीख मिळेल तेव्हा तिची जागा तिसऱ्याच कुणाला गेलेली असेल.

मारोतराव, पोलाद कारखान्यातले निवृत्त फिटर, वय शहाऐंशी. सर्व्हिस बुक: एस-ए-टी-एच-पी-यू-टी-एच-ई.

रत्नमाला, बी.ए.ची डिग्री: तेच.

समीक्षा, जन्माच्या दाखल्यापासून नर्सिंगपर्यंत: तेच.

प्रवीण, आधार आणि पॅन: एस-ए-टी-पी-यू-टी-ई.

वैशाली नगरातल्या घराचं फाटक: सातपुते. देवनागरीत आहे म्हणून ते कुणी पुरावा धरत नाही.

◦

ऑटोत मारोतरावांनी दोनदा विचारलं, "कुठं चाल्लो आपण?" रत्नमालाबाईंनी दोनदा सांगितलं. हा तिसरा फेरा. पहिल्या दिवशी स्टॅम्प पेपर नव्हता, दुसऱ्या दिवशी नोटरी नव्हता. बाईंच्या पाठीत सकाळपासून कळ होती. त्या मनात म्हणत होत्या, दोन एच. सगळ्या घराला उन्हातान्हात फिरवतात, आणि उच्चारात तर नाहीतच.

उच्चारात नाहीत हेही खरं नव्हतं. शाळेत, बँकेत, दवाखान्यात सगळ्यांनी ते आडनाव इंग्रजीतून वाचलं आणि टीएच दिसला की हिंदीवाला थ म्हणतो. साथपुथे. हळूहळू घरातलेही बाहेर तसंच सांगू लागले. समीक्षाला तर दुसरं येतच नव्हतं. फोन उचलला की, "हाँ जी, समीक्षा साथपुथे." आधी नाव कागदावर गेलं, मग कागदावरून तोंडात आलं आणि परत येताना भलतंच होऊन आलं.

◦

टायपिस्टचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. टेबल, कॉम्प्युटर, एक स्टूल. स्टुलावर मारोतरावांना बसवलं. बाकीचे उभे.

"दादाजी, सबसे पुराना कागज आपका है, तो साइन भी आपका लगेगा," टायपिस्ट म्हणाला. "यहाँ."

"वाचल्याशिवाय मी सही नाही करत गा."

"बाबा, आता वाचत नोका बसू," प्रवीण म्हणाला. "नोटरी चार वाजता उठून जाते."

मारोतरावांनी खिशातून भिंग काढलं. एकेका शब्दावर बोट ठेवत ते वाचू लागले. यह कि मेरा उपनाम. पूर्व अभिलेखों में. बोट थांबलं.

"त्रु-टि-वश. हे का व्हय?"

"चुकीनं," रत्नमालाबाई म्हणाल्या. "चुकीनं एच पडला असं लिहिलं आहे, बाबा. करा सही."

"कोनाची चूक?"

"तवाच्या बाबूची असंन," प्रवीण म्हणाला. "मेला असंन तो आता. त्याले का फरक पडते?"

"बाबूची कायची चूक? मी जसं लिहून नेलं तसंच त्यानं उतरवलं." मारोतरावांनी भिंग घडी करून खिशात टाकलं. "चूक नाही हे. मी नाही करत."

समीक्षा भिंतीला टेकून उभी होती. "आत्या, प्लीज. समझाओ ना आबाजी को."

समजावायचं म्हणजे पुन्हा बोलायचं. बाईंनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "मंग कोणी सांगितलं होतं तुमाले एच लावाले?"

"वेलूनं."

◦

वेलू मदुराईकडचा. एकसष्ट साली कारखान्याच्या कॅम्पातल्या बराकीत मारोतरावांच्या शेजारी त्याची खाट. मारोतराव तिरोड्याकडून आलेले. मराठी लिहिता येत होतं, इंग्रजीचं एक अक्षर नाही. भरतीच्या कागदावर इंग्रजीत सही पाहिजे, नाही तर अंगठा.

"अंगठा द्याची लाज वाटे मले. वेलू म्हने, नाव सांग. सांगतलं. म्हने, पुन्हा सांग. दहादा सांगाले लावलं त्यानं. मंग म्हने, नुसता टी लिहिला तं लोक तुले साटपुटे म्हनतीन. आमच्याकडं 'त' पाह्यजे असला का एच लावतेत, एच लावला का टी नरम होते." मारोतरावांनी टेबलावर बोटानं काढून दाखवलं. "अशी. पाठीची खुर्ची. म्हने, मारोती, खुर्ची दे त्याले, तं नीट बसते. आठ दिवस कोयशानं फरशीवर गिरवून घेतलं माझ्याकडून. दोन खुर्च्या. अन् तुमी म्हनता त्रुटी."

टायपिस्टला मराठी येत नव्हती, पण त्याचेही हात थांबले होते.

रत्नमालाबाईंना सकाळचा फळा आठवला. घोस्टमधला एच. इंग्लंडातले पहिले छापणारे आपली कला समुद्रापलीकडे शिकून आले होते. तिथं तो शब्द एच घालून लिहीत, म्हणून त्यांच्या हातानं इंग्लंडातही घातला, असं त्या पूर्वी सांगायच्या. हाताची सवय, बेटा, दुसरं काही नाही. साठ वर्षं त्यांच्या स्वतःच्या नावात परक्या मुलखाचा हात बसून होता. आणि तो 'त' बिघडवायला नव्हता बसला. 'त' सांभाळायला बसला होता.

हे कळून बरं वाटायला हवं होतं. पाठीतली कळ तेवढीच होती.

"बरं," त्या टायपिस्टला म्हणाल्या, "त्रुटिवश निकाल दीजिए. लिखिए, दोनों वर्तनियाँ, मतलब दोनों स्पेलिंग, एक ही परिवार की हैं."

"मैडम, फिर पूछेंगे ना कि बदला क्यों. त्रुटि नहीं थी, तो बेटे ने एच हटाया क्यों? कारण लिखना पड़ेगा."

"ऑपरेटरनं खाल्ला," प्रवीण घाईनं म्हणाला. घरात त्यानं नेहमी हेच सांगितलं होतं. आधारवाल्या ऑपरेटरनं एच खाल्ला.

"अन् पॅनवरचाही त्यानंच खाल्ला?" बाईंनी विचारलं. आवाज चढवायचं त्राण नव्हतं, म्हणून तो प्रश्न साधाच निघाला. कदाचित त्यामुळेच लागला.

प्रवीणनं आधी मुलीकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"मीच काढला. पन्नाशी आली तरी लोक साथफूटे म्हनून राहिले. शाळेपासून. साथ फूटे, किस्मत फूटे, आ गया रे फूटे. मास्तरही हासत. मास्तर!"

मारोतराव स्टुलावरच त्याच्याकडं वळले.

"मले कावून नाही सांगतलं?"

"सांगून का केलं असतं तुमी?"

"काहीच नाही. आयकलं असतं."

जिन्यावरून कुणीतरी धडधडत खाली गेलं. टायपिस्टनं घड्याळ बघितलं. साडेतीन.

◦

नवा कागद:

यह कि हमारे उपनाम की दोनों वर्तनियाँ सही हैं तथा एक ही परिवार की हैं। यह कि मेरे पुत्र ने अपनी वर्तनी स्वेच्छा से बदली है।

स्वेच्छा से. प्रवीणनं ते वाचलं. मग वडिलांच्या हातात पेन दिलं. मारोतरावांनी सही सुरू केली. एस, ए, टी. पहिली खुर्ची झाली. पी, यू, टी. दुसऱ्या खुर्चीची पाठ वर चढली ती कागदाच्या रेघेबाहेर गेली.

"चलेगा?" समीक्षानं घाबरून विचारलं.

"चलेगा," टायपिस्ट म्हणाला, आणि कागद घेऊन नोटरीकडं पळाला.

ऑटोत परत येताना प्रवीण बापाच्या शेजारी बसला होता. गचका बसला की तो त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, आणि रस्ता सरळ झाला की काढून घ्यायचा.

◦

तिसऱ्या दिवशी दुपारी क्लासला निघताना फोन आला. रायपूरहून.

"आत्या! हो गया! ले लिया सब. और सुनो ना, साहब ने पूछा, इसको बोलते कैसे हैं, दो-दो स्पेलिंग है. तो मैंने एकदम सही बोला."

"का बोल्ली?"

"साथपुते."

रत्नमालाबाई चपलेत अर्धवट पाय घालून थांबल्या. दुरुस्त करावं असं जिभेवर आलं. सत्तावीस वर्षांची सवय. मग ती सवय त्यांनी गिळली.

"बरोबर बोल्ली," त्या म्हणाल्या. "जेवून घेजो."

आतल्या खोलीतून खाट करकरली. "का म्हनते पोरगी?"

"झालं म्हनते, बाबा."

"अन् नाव? नाव कसं सांगतलं?"

"एक खुर्ची ठेवली तिनं," बाई म्हणाल्या आणि दुसरी चप्पल शोधू लागल्या.