एक बोट जास्तीचा पूल

पूल चौकटीत बसेना.

विज्ञान प्रदर्शनाच्या तपासणी टेबलावर पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीची लाकडी चौकट ठेवली होती. आधी तिच्यात बसायचं, मगच वजनाच्या बादलीकडे जायचं. शिंप्याच्या मुलीने आपला पुठ्ठ्याचा पूल एका टोकाने टेकवला, तर दुसरं टोक वरच राहिलं. उलटा फिरवला, तरी तेच.

टेबलामागे पदार्थविज्ञानाचे सर होते. सगळी शाळा त्यांना काटासर म्हणे, कारण तराजूचा काटा एक वेळ हलेल, सर हलायचे नाहीत.

"तीन सेंटिमीटर जास्त," सर म्हणाले. "दहा मिनिटं देतो. दुरुस्ती तुझ्याच हातची. घरचे दोरीपलीकडे."

"सर, मी मापं नीट..."

"मला नको सांगूस. चौकटीला सांग."

ज्याचा पूल वीस किलो दहा सेकंद पेलेल, त्यालाच तंत्रशाळेच्या कार्यशाळेत जागा होती. तिथे खरी लेथ, खरं वेल्डिंग. तिचं शाळेचं हे शेवटचं वर्ष; आज हुकलं की हुकलंच. आणि घरी तर पूल सतराच्या वर कधी गेलाच नव्हता. सतराला टोकांपाशी त्याच्या दोन्ही भिंती फाकायच्या आणि सगळा डोलारा बसायचा.

ती दोरीपाशी गेली. पलीकडे बाबा उभे होते, गळ्यात टेप तशीच लटकलेली. पट्ट्या त्यांनी कापल्या होत्या. कापायला मोठ्यांची मदत चालत होती, जोडायला नाही.

"बाबा, किती कापल्यात पट्ट्या?"

"तू सांगितलंस तेवढ्याच, पंचेचाळीस." मग त्यांचा चेहरा उतरला. "आणि दोन्हीकडे एकेक बोट, शिलाईत दुमडायला सोडतात ती माया."

"पुठ्ठ्याला कसली शिलाई?"

"अगं, तीस वर्षं कात्री चालवतोय. हात आपोआप जागा सोडतो. देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही."

बाबांची कात्री चुकत नाही, या भरवशावर तिनेही मोजपट्टी लावून पाहिली नव्हती. तिने कात्री उचलली.

"सगळं कापू नकोस," बाबा हळूच म्हणाले. "बाहीचा काठ उघडा ठेवला तर काय होतं? तिथूनच उसवत जातं. पुलाची दोन्ही तोंडं उघडी आहेत बघ. वरचा पाट तेवढा चौकटीच्या मापाने काप. भिंतींच्या टोकांना आत मुडप, एकमेकींना भिडव, आणि टाके घाल."

ती थबकली. सतरा किलोला फाकणाऱ्या भिंती डोळ्यांसमोर आल्या. टोकं आतून बांधली, तर फाकतील कशा?

डिंक दहा मिनिटांत वाळला नसता, पण नियमात दोराही होता. बाबांनी कॉलरमध्ये टोचलेली, दोरा ओवलेली सुई काढून दिली. सरांनी पाहिलं.

"सुई चालेल," ते म्हणाले. "शिंपी चालणार नाही."

आता गंमत अशी, की या पोरीने जन्मात सुई धरली नव्हती. आई बटण लावायला सांगायची, तर ही म्हणायची, मी यंत्रांना हात लावीन, सुईला नाही. आज घामेजलेल्या बोटांतून तीच सुई निसटत होती. बाबांनी दोन्ही हात खिशात कोंबले होते, आणि खिशाच्या आत त्यांची बोटं टाके घालत होती.

"लांब टाका. ओढ, पण पुठ्ठा चिरेल इतकं नको. गाठ दुहेरी मार."

"पाच मिनिटं," सर म्हणाले.

सुई बोटात शिरली. तिने रक्त फ्रॉकला पुसलं आणि दुसरं टोक घेतलं. शेवटची गाठ मारून दोरा दाताने तोडला तेव्हा अर्धं मिनिट उरलं होतं.

पूल चौकटीत बसला.

दोन टेबलांमध्ये पूल, पुलाखाली बादली, बादलीत एकेक किलोची वजनं. पंधरा. सोळा. सतराला तिने डोळे मिटले. काहीच आवाज आला नाही. अठरा. एकोणिसाला टर्र झालं. डावीकडचा एक टाका तुटला होता. बाबांचे ओठ देवाचं नाव घेत हलत होते. सरांनी विसावं वजन ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली, अगदी सावकाश, त्यांच्या स्वभावासारखं.

सातला पूल कुरकुरला. आठला पाट मधोमध किंचित वाकला. नऊनंतर सरांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू घाई कुणालाच नव्हती.

"दहा."

त्यांनी वाकून टोकं न्याहाळली. "हे आत मुडपायचं कुणी सुचवलं?"

"बाबांनी, सर. लांबीची चूकही त्यांचीच. ती मी तपासली नाही, ती माझी. टाके माझे."

"ते दिसतंच आहे," वाकड्यातिकड्या टाक्यांवर बोट ठेवत सर म्हणाले, आणि कार्यशाळेच्या यादीचा कागद त्यांनी पुढे ओढला.

दोरीपलीकडे बाबांनी खिशातून हात काढले आणि तिथेच, गर्दीत, डोळे मिटून जोडले.