पाड्याचं दावं

तुळसाला दोर दिसला की तिच्या हातात विळा यायचा. लाकडांची मोळी बांधायची असो, कारल्याचा वेल मांडवावर चढवायचा असो, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार निसटलेलं असो, दोन्ही हात पसरून तेवढा तुकडा कापायचा आणि कामाला लागायचं, असा तिचा खाक्या. नवरा भागोजी मुंबईला गिरणीत होता तेव्हा सुटीत येताना दोरी घेऊन यायचा. तो परत जाईपर्यंत ती घरभर वाटली गेलेली असायची. विहिरीचा दोर दर साली आखूड होई आणि शेजारीपाजारी म्हणत, यंदा पाणी फारच खाली गेलं.

तर अशा या तुळसाने वैशाखातल्या एका सकाळी पाड्यापुढे पेंढा टाकला, त्याच्या गळ्यातल्या नव्या दाव्याकडे तिची नजर गेली आणि तिच्या काळजात धस्स झालं.

त्या दिवशी काजरवाडीत एस्टी यायची होती. कायमची नव्हे, नुसती बघायला. संपात गिरणी सुटून भागोजी गावी परतला, त्याच सुमारास सड्यावरच्या कातळपठारावरून खाली वाडीपर्यंत रस्ता झाला होता. पण तो वाडीशी येऊन संपला तो नेमका एकीकडे जांभ्याची दरड आणि दुसरीकडे खोल व्हाळ, म्हणजे ओढा, अशा जागी. गाडी मागायला वाडीतली चार माणसं रत्नागिरीला गेली, तेव्हा एस्टीच्या साहेबांनी हसून विचारलं, "गाडी येईल हो, पण वळेल कुठे? की तुमच्या वाडीतून उलटीच आणायची रत्नागिरीपर्यंत?" वळायला जागा करा, मी एकदा गाडी पाठवतो, सरळ वळली तर जूनपासून गाडी तुमची, अडकली तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका, असं त्यांनी सांगून टाकलं.

जागा करायची म्हणजे दरड फोडायची. पण किती फोडायची? वाडीचे गावकर आप्पा म्हणाले, आधी गाडी केवढी असते ते बघू. मग भागोजी नवा सुंभाचा दोर घेऊन रत्नागिरीच्या स्टँडवर गेला आणि उभ्या गाडीला नाकापासून शेपटापर्यंत दोर लावून माप घेऊन आला. "काय रे, गाडीला सदरा शिवतोस काय?" म्हणून तिथल्या हमालांनी त्याची टर उडवली. भागोजी मुळातच कमी बोलणारा. त्याने दोर गुंडाळला, घरी येऊन पडवीतल्या खुंटीला अडकवला आणि आंघोळीला गेला.

त्याच संध्याकाळी पाड्याने जुनं दावं तोडलं आणि तो शेजारच्या मिरचीच्या वाफ्यात शिरला. तुळसा धावत आली, खुंटीवरचा दोर ओढला, विळा फिरवला. पाडा बांधला गेला, शेजारीण गप्प झाली, तुळसा भाकऱ्या थापायला बसली आणि झालेलं सगळं विसरून गेली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी उरलेला दोर नेला, त्याच्या दुप्पट जागा चुन्याने आखली आणि पुरुषांनी पहारी घेतल्या. सगळा चैत्र दरड फोडण्यात गेला. भागोजीच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मुंबईकर सुटीला आले, त्यांनीही दोन दिवस घण घातले आणि उरलेले दिवस घण कसा घालावा ते सांगितलं.

काल तिन्हीसांजेला आप्पा देवळाच्या पायरीवर दोर हातात घेऊन मुंबईकरांना सांगत होते, "हा दोर म्हंजे आपली एस्टी. ह्याच्यात वीतभर चूक झाली तर गाडी गेली व्हाळात." तुळसा डोक्यावर कळशी घेऊन तिथूनच गेली होती. तेव्हा ते ऐकून तिला अभिमान वाटला होता. आता गोठ्यात उभ्या उभ्या तिच्या डोक्यात उजेड पडला. वाडीने खणलेली जागा एस्टीच्या मापाची नव्हतीच. एस्टीतून पाड्याचं दावं वजा करून जी उरते, ती ही जागा.

तिने दावं सोडलं आणि दोन्ही हात पसरून ताणून धरलं. बरोब्बर एक वाव, या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत. आप्पांनी दुप्पट आखलं होतं, म्हणजे दोन वाव जागा कमी.

गाडी नसली तर काजरवाडीचं काही अडणार नव्हतं. इतकी वर्षं माणसं चालतच होती. पण तुळसाची मैना सातवी पास झाली होती आणि पुढची शाळा सड्यापलीकडे फाट्यावर. वाट रानातली, वाडीतली दुसरी कुठलीच मुलगी बरोबर नाही. भागोजीचा भाऊ रघू मुंबईहून आला होता, तो म्हणाला होता, "पाठवा माज्यासंगं. पोरांना सांभाळील, शाळेचं बघू मग." त्या 'बघू'चा अर्थ तुळसाला चांगला कळत होता. रघूची बायको कामाला जायची आणि घरात तीन लहान पोरं होती. भागोजीने एवढंच ठरवलं होतं: गाडी झाली तर मैना शाळेत, नाही तर रघूबरोबर. रघू उद्या निघणार होता. मैनेचे दोन परकर आणि कंगवा असलेली पिशवी कालपासून पडवीत भरून ठेवलेली होती.

आपण आपल्या हाताने पोरीची शाळा कापली, असं तुळसाला वाटलं आणि तिला गोठ्यात उभं राहवेना.

ती दावं पदराखाली धरूनच पडवीत आली. भागोजी आरशापुढे बसून दाढी करत होता.

"अवो," ती म्हणाली.

भागोजीचे गाल साबणाने भरलेले. त्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"त्या दोराचं काय झालंय..."

"वैनी, चाय टाकलाव काय?" म्हणत रघू आत आला आणि तुळसाचं तोंड मिटलं. दिरासमोर हे बोलायचं म्हणजे वाडीत दवंडी पिटण्यासारखंच. तिने चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला, आणि दोघं चहा पिऊन जागेकडे गेले तरी ती चुलीपुढे उभीच होती. मग तिलाच तिचा राग आला. तिने विळा उचलून लाकडांच्या ढिगाखाली सारला, जणू त्यानेच सगळं केलं होतं, आणि ती घराबाहेर पडली.

जागेवर वाडी लोटली होती. दोन बांबू रोवून मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. भागोजी व्हाळाच्या कडेला जांभ्याचे चिरे ओळीने लावत होता, ड्रायव्हरला कड दिसावी म्हणून. तुळसा त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली.

"अवो, वाईच ऐका माजं."

"गाडी वळू दे, मंग ऐकतो."

"वळायच्या आदी ऐका."

एवढ्यात आप्पांनी त्याला हाक मारली आणि तो चिरा टाकून गेला. तुळसा कडेवरून दरडीकडे चालत गेली, तिथून पुन्हा कडेकडे आली. प्रत्येक खेपेला जागा तिला आधीपेक्षा लहान दिसे. तिसऱ्या खेपेला तिच्या शेजारणीने विचारलंच, "काय गो, काय हरावलंय?"

मग आप्पांनी नारळ हातात घेतला आणि वाघजाईला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी महाराजा! आज जी काय गाडी तुज्या वाडीत येताय, ती सुकरूप येऊ दे, सुकरूप वळू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी ओरडली.

"लेकरांनी रात न् दिवस खपून जी काय जागा केली, ती गाडीला पुरी पडू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

तुळसाला 'व्हय महाराजा' म्हणवेना. जागा पुरी नाही हे माहीत असताना देवीला असं गाऱ्हाणं घालायचं म्हणजे तिची फसवणूकच. ती नुसते हात जोडून उभी राहिली आणि मनात म्हणाली, आये, कापला तो मी कापला, पोरीवर नको काढूस.

सड्यावर धूळ उठली. पोरं ओरडत सुटली. लाल गाडी वळणावळणाने खाली आली, आणि ती एवढी मोठी दिसली की तुळसाला वाटलं, ही नुसती उभी राहायलासुद्धा मावणार नाही. आप्पा ओरडले, "अरे, बाजूला! बाजूला व्हा!" सगळे दरडीकडे सरकले. आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या बरोबर मधोमध तुळसाचा पाडा येऊन उभा राहिला. तिने त्याला सोडला होता आणि पुन्हा बांधलाच नव्हता.

"कोणाचा रे हा? दावं कुटं ह्याचं?" आप्पा कडाडले.

दावं तुळसाच्या पदराखाली होतं. ती जागची हललीच नाही. मैनाच धावली, पाड्याचे कान धरले आणि त्याला ओढत आईजवळ घेऊन आली.

ड्रायव्हर पोफळीकडचा होता, घाटात गाडी चालवून चालवून हात बसलेला. त्याने खाली उतरून जागा एकदा पायांनी फिरून पाहिली, काहीच न बोलता तंबाखू थुंकली आणि वर चढला. गाडीतूनच आलेले साहेब दरडीच्या सावलीत छत्री टेकून उभे राहिले. कंडक्टर गाडीच्या मागे गेला.

गाडी पुढे आली. तिचं नाक दरडीला लागतं की काय असं वाटेपर्यंत ती पुढे आली आणि थांबली. चाकं करकरत वळली. कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली, "येऊ दे... येऊ दे..." गाडी मागे निघाली, व्हाळाकडे. तुळसाने मैनेचा दंड असा आवळला की पोरगी कळवळली. "येऊ दे... येऊ दे..." मागची चाकं भागोजीच्या चिऱ्यांकडे सरकत होती, शेपूट तर चिऱ्यांच्या पार बाहेर, व्हाळावर गेलं. आता गेली, तुळसाच्या मनात आलं, आता गेलीच. तिने डोळे मिटले.

"बस!"

तिने डोळे उघडले. चाक चिऱ्याला टेकलं होतं. दाबलं नव्हतं, चिरा सरकवला नव्हता. नुसतं टेकलं होतं. मग गाडीने पुढे उचल घेतली, तिचं नाक दरडीशेजारून असं सफाईने फिरलं की उजव्या कोपऱ्याने तोरणाची पानं तेवढी हलली. एकही पान तुटलं नाही. आणि लाल गाडी रत्नागिरीकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी मधोमध, उभी राहिली.

मग आप्पांनी नारळ फोडला आणि एकच गलका झाला. साहेब पुढे आले, चाकाची खूण पाहिली, दरडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माप कोणी घेतलं हो? एवढं नेमकं तर आमच्याकडेही कोणी घेत नाही." आप्पांनी भागोजीला पुढे ढकललं. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की शाळा सुरू होईल त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गाडी येईल. पोरं गाडीत घुसली, फाट्यापर्यंत फुकट चक्कर होती. मैना खिडकीतून "आये, आये" करून ओरडत होती.

तुळसाला मात्र काहीच कळेना. जागा कमी होती. तिने स्वतः दावं मोजलं होतं. मग हे झालं कसं? आनंद पुरा होईना आणि भीतीही जाईना, अशी ती पाड्याशेजारी उभी होती, तेव्हा भागोजी तिच्याजवळ आला.

"दावं हातात घेऊन कशाला फिरतेस सकाळपासनं?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दावं पदराबाहेर आलंय. तिने सगळं भडाभडा सांगून टाकलं. पाडा, मिरच्यांचा वाफा, विळा, एक वाव. सांगता सांगता तिला रडूच कोसळलं.

भागोजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाड्याच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "स्टँडवर माप घेतलं, तवाच एक वाव जादा धरला व्हता."

"जादा? कशापायी?"

"घरात नवा दोर आला आनि तुजा विळा गप ऱ्हायला, असं कदी झालंय काय? आनि तुजा तुकडा नेमी वावभराचाच. आंगोळ करून आलो तर कापलेला. म्हटलं, झालं बराबर. नसतास कापलास तर सकाळी मीच कापणार व्हतो."

सोळा वर्षांच्या संसारात हा माणूस बारा वर्षं मुंबईत होता, वर्षाकाठी महिनाभर घरी यायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तिला नेहमी वाटायचं, याला माझं काय ठाऊक आहे?

"मंग सकाळी बोललाव का न्हाय?" ती डोळे पुसत म्हणाली. "माजा जीव टांगणीला लागलावता."

"मला काय ठावं, तू कशापायी फिरतेस! मला वाटलं, पोरगी जाताय की ऱ्हाताय म्हणून."

"आनि मी दोन वाव कापला असता तर?"

भागोजीने व्हाळाच्या कडेच्या चिऱ्याकडे पाहिलं, चाक जिथं टेकलं होतं तिथं. त्याच्या कपाळाला पहिल्यांदाच घाम दिसला.

"त्ये मातर डोक्यात आलं न्हवतं," तो म्हणाला.

आणि तुळसा हसली. साहेब, आप्पा, दीर, सगळी जाणती माणसं समोर असताना ती तोंडावर पदर न घेता मोठ्याने हसली. गाडीची घंटा टणटण वाजली, खिडकीतून मैनेचा हात बाहेर आला आणि गाडी सड्याकडे निघाली. भागोजीने तुळसाच्या हातातलं दावं घेतलं आणि पाड्याच्या गळ्यात बांधलं. मग पाड्यासकट तिघं घराकडे चालू लागली, पडवीतली पिशवी रिकामी करायला.