टपावरचा कर्णा आणि पलीकडचं उत्तर

मला सहलीच्या बसच्या टपावर बसवण्यात वाटाड्याचे तीन फायदे होते. वळणावळणावर घसा फोडावा लागणार नव्हता, झोपाळू प्रवासी जागे राहणार होते, आणि वर डोंगरात गाणं फसलंच, तर लावायला कॅसेट तयार होती. मित्रांनो, मी तोच जुना कर्णा. पत्र्याचा, रुंद तोंडाचा. ज्या कारागिराने मला ठोकून घडवलं, तो मला पुसत म्हणाला होता, "तोंड एवढं मोठं आणि कान एकही नाही. चांगला खपेल हा." मला ते कौतुक वाटलं होतं.

आमचा रस्ता फार देखणा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि तळाशी पिंजलेल्या कापसासारखे ढग. काय बघायचं ते मी सांगायचो. म्हणजे बोलायचा वाटाड्या, पण माना वर व्हायच्या त्या माझ्याकडे. "आवाज काय खणखणीत आहे हो," असं कोणी म्हणालं की मी ऊन नसतानाही चमकायचो.

सगळे यायचे ते थोरलीचं गाणं ऐकायला. थोरली डोंगराच्या या बाजूला राहायची, तिची धाकटी बहीण दरीपलीकडे. मध्ये हाकेचं अंतर. पण पायी जायचं तर दरी उतरून चढायला अख्खा दिवस, आणि दोघींचे गुडघे केव्हाच रुसलेले. म्हणून थोरली कड्यावर उभी राहून गात विचारायची, "चूल पेटली का गं?" आणि थांबायची. आवाज दरी ओलांडायचा, मग तिकडून धाकटीची ओळ यायची, "पेटली गं, पेटली." गाणंही तेच आणि खुशालीही तीच. त्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या असंच गायचे. शहरात भरलेल्या कॅसेटमध्ये मात्र दोन्ही ओळी एकाच बाईने न थांबता म्हटल्या होत्या. बंद खोलीत कोण कशाला थांबेल?

त्या दिवशी थोरली कावरीबावरी होती. इंजिनात पाणी ओतणाऱ्या चालकमामांना म्हणाली, "धाकटी तापाने पडलीय म्हणे, चार दिवस झाले. आज तिचं उत्तर आलं की माझा जीव भांड्यात पडेल."

ती कड्यावर गेली, पहिली ओळ गायली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. आजारी माणसाला अंथरुणातून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. पण धाकटी आजारी आहे हे वाटाड्याला कुठे ठाऊक होतं? प्रवाशांत चुळबुळ सुरू झाली. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "विसरली वाटतं. वय झालं ना." वाटाड्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारीची अब्रू झाकावी. त्याने बसमध्ये शिरून कॅसेट लावली.

मी गरजलो. दरी भरून टाकली. आणि त्या गर्जनेतच, मित्रांनो, माझ्या तोंडाची कड थरथरली. पलीकडून आलेला एक बारीक आवाज माझ्या पत्र्यावर येऊन टेकला. "पेटली गं, पेटली." थोड्या वेळाने पुन्हा एकदा. कारागीर चुकला होता. मला कान होता.

थांबणं माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला समजावत आलो. पण खरं सांगू? टाळ्या पडत होत्या, आणि मला थांबायचंच नव्हतं.

टाळ्या सरल्यावर थोरलीने विचारलं, "तिकडून काही आलं का रे?"

"नाही मावशी," वाटाड्या म्हणाला. "आलं असतं तर एवढ्या माणसांना ऐकू आलं नसतं का?"

तो खोटं बोलत नव्हता. एवढ्या माणसांत ऐकलं होतं ते फक्त मी.

बस घाट उतरू लागली आणि थोरली, बहिणीला बघायला, दरी. अर्ध्या वाटेत गुडघ्याने दगा दिला, मांडीचं हाड मोडलं. पुढच्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा ती खाटेवर होती आणि पोस्टमन तिला सांगत होता, "तुमची बहीण ठणठणीत आहे, आजी. त्या दिवशी दोनदा उत्तर दिलं म्हणते."

"दोनदा?" थोरली म्हणाली. "मग माझ्या कानांना काय झालं होतं?"

चालकमामा बाहेर आले, टपावर चढले आणि पान्याने माझे नट काढू लागले.

"अहो मामा, हे काय?" वाटाड्याने विचारलं.

"खुळखुळत होता," मामा म्हणाले.

त्यांनी मला थोरलीच्याच अंगणात ठेवून दिलं. तिची सून मला उपडा घालून कोंबडीची पिल्लं झाकते. तोंड मातीत आहे, ते बरंच आहे.

मित्रांनो, माझा गंज पुसायला येऊ नका. एवढंच करा: गाणारं माणूस मध्येच थांबलं, तर मनात वीसपर्यंत आकडे मोजा. ते विसरलं नसेल, वाट बघत असेल.

त्या दिवशी वाटाड्याला टाळ्या मिळाल्या, प्रवाशांना अख्खं गाणं मिळालं, मला 'खणखणीत' मिळालं. थोरलीचा पाय गेला, आणि स्वतःच्या कानांवरचा भरवसाही. आता रोज संध्याकाळी पलीकडून धाकटीच विचारते, "चूल पेटली का गं?" थोरली खाटेवरून उत्तर देते. ते अंगणापर्यंत येतं, माझ्या पत्र्यावर टेकतं, आणि तिथेच संपतं.