पाठीवरची बोटं

"अहो, फाइट स्टॉप करा ना," मागच्या खुर्चीतून सुलभा म्हणाली. "डोळे बघा त्याचे."

"बघतोय," डॉ. गुरुदत्त म्हणाले. "रेफरीने बोलावल्याशिवाय मला वर जाता येत नाही."

शिकागोच्या त्या हॉलमध्ये बॉक्सिंगच्या लढतींचे डॉक्टर म्हणून ते कित्येक वर्षं रिंगजवळ बसत आले होते, आणि त्यांतली निम्मी केन मोरिशिताच्या भुवया शिवण्यात गेली होती. शिवता शिवता मैत्री झाली. गेल्या महिन्यात केन घरी जेवायला आला, तेव्हा वजन वाढेल या धास्तीने त्याने सुलभाच्या श्रीखंडाचा नुसता वास घेतला. एवढा जगज्जेता, पण वाटीसमोर बापडा हाताची घडी घालून बसला होता.

केनचा जन्म अमेरिकेतलाच, पण काटेरी कुंपणाआडचा. महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन कोंडलं, त्यातल्याच एका छावणीत तो जन्मला. युद्धानंतर बापाने शिकागोत कपडे धुण्याचं दुकान टाकलं. शाळेत पोरं रोज धरून बदडायची, म्हणून केन ठोसे मारायला शिकला. पुढे जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला आणि वर्षानुवर्षं कुणाच्या हाती लागू दिला नाही. तरी जाहिरातीत आपला 'टोकियोचा वाघ'. टोकियो त्याने नकाशातच पाहिलं होतं. आता एक्क्याऐंशी साल उजाडलं होतं, वय छत्तिशीला आलं होतं. आजची शेवटची लढत जिंकायची आणि जगज्जेता म्हणूनच घरी बसायचं, हे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

घंटा झाली. केन आपल्या कोपऱ्यात स्टुलावर टेकला आणि रेफरीने डॉक्टरांना हात केला.

गुरुदत्त वर चढले. केनचा डावा डोळा सुजून मिटला होता आणि उजव्यात भुवईवरचं रक्त उतरत होतं. गुणांत तो पुढे होता. उरलेली एक फेरी नुसती टाळाटाळ करून काढली असती, तरी पट्टा त्याचाच होता. डॉक्टरांनी थांबवलं, तर मात्र हरला.

दिसतंय की नाही ते पाहायला डॉक्टरने बोटं मोजायला लावायची, हा रिंगमधला रिवाज. दुसरा रिवाज कुणी बोलून दाखवत नाही: डॉक्टर जितकी बोटं धरतो, तितकी ट्रेनर मागून पाठीवर दाबतो. गुरुदत्तांना ते चांगलं ठाऊक होतं. एरवी ते त्यावर डोळा ठेवून असत. आज ट्रेनरने दाबावीतच, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

त्यांनी तीन बोटं धरली. ट्रेनरचा हात केनच्या मागे गेला.

"किती?"

केनने उजवा डोळा ताणून पाहिलं. "पाठीवर तीन आहेत, डॉक्टर," तो म्हणाला. "समोर काही दिसत नाही."

ट्रेनरने शिवी हासडली. "डोकं फिरलंय का तुझं? एकच राउंड उरलाय."

"आजवर जिंकलेला पट्टा घातला," केन म्हणाला. "ढापलेला नाही घालणार."

गुरुदत्तांनी रेफरीकडे पाहून मान हलवली. लढत संपली, पट्टा गेला. हॉलमध्ये एकच कल्ला उसळला. ते खाली आले तेव्हा त्यांची छाती अशी फुलली होती, जणू घरातलंच कुणी जिंकून आलं होतं.

"हरला ना हो?" सुलभाने विचारलं.

"हरला," ते म्हणाले. "पण आपला केन आहे तो. बघ."

नव्या विजेत्याला पट्टा अधिकाऱ्यांनी घालायचा असतो. दोघांचे हातमोजे निघाले, तेव्हा केनने तो अधिकाऱ्यांकडून मागून घेतला. आपल्याशी लढलेल्या मेक्सिकन पोरापुढे कमरेत वाकला, मग पट्टा त्याच्या कमरेभोवती नेला. मागचं बक्कल काही त्याला सापडेना. तो चाचपडत राहिला. शेवटी त्या पोराने हात मागे नेऊन केनची बोटं धरली आणि बक्कलावर आणून ठेवली. केनने ते लावलं, घट्ट बसलंय ना ते एकदा ओढून पाहिलं आणि मगच हात काढून घेतला.