डावीकडचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. संगणकाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसतो, त्यातला मी डावा. एकाच कारखान्यात जन्मलो, एकाच खोक्यातून आलो. पण आवाजाचं बटण उजव्याच्या पोटावर, म्हणून सगळे त्यालाच गोंजारतात. मला कोण विचारतो!

आमच्या बाई, ज्यांना दिसत नाही अशांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. त्यांच्या डावीकडे यजमान बसत, स्वतःचा वेगळा माइक घेऊन. बाई अडखळल्या की ते हळूच सांगत, आणि ते बोलणं नंतर पक्क्या प्रतीतून कापलं जाई. बाईंचा आवाज उजव्या बाजूला भरला जाई, यजमानांचा डाव्या. म्हणजे ते बोलत ते फक्त माझ्यातून.

मग यजमान गेले. बाई जुनी कच्ची ध्वनिमुद्रणं लावून बसू लागल्या. पण तोवर त्यांना थोडं कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि डावा कान तर जास्तच रुसला होता. "यांचा आवाज पुसला गेला वाटतं," असं म्हणून त्या बटण पिळत. आवाज वाढला की मी नुसता घुमायचो. इकडे मी घसा फोडून यजमानांचे शब्द सांगतोय आणि बाई तिकडे डोळे पुसताहेत. फार जीव तुटायचा हो!

एके दुपारी मुलगी आली. "अगं आई, केवढा मोठा लावलायस! शेजारी भांडायला येतील."

"मोठा आहे गं, पण शब्दच लागत नाहीत. तुझ्या बाबांचा एक शब्द तरी सापडू दे."

मुलगी सेटिंग उघडून बसली. तिनं खर्ज उतरवला, वरचे सूर जरा चढवले, कारण स, श, त अशी अक्षरं तिथंच असतात. मग मोनो चालू केलं, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एक होऊन दोघांतूनही येतो.

आम्हा दोघांतून यजमान बोलले, "अगं, पळतेस कुठे? सावकाश वाच."

बाईंनी तोंडावर हात धरला. "हे आहेत! अगं बाई, हेच आहेत!" त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मलाही धन्य वाटलं.

शेवटचं मुद्रण राहिलं होतं. ते यजमान गेल्यानंतरचं. बाईंनी एकटीनं वाचलेलं, फक्त सवयीनं डावीकडची खुर्ची तशीच आणि तिथला माइक चालू ठेवून. मुद्रणात पान संपलं. मग ओळखीचा आवाज आला, "छान वाचलंस. उलट पान."

मुलीनं मुद्रणाची तारीख पाहिली. "आई, तेव्हा बाबा नव्हते."

"मला माहीत नाही होय?"

मुलीनं घाईघाईनं मोनो बंद केलं. उजवा गप्प झाला. बोलणं माझ्यातून चालूच राहिलं. मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी आवाज बनवत नाही. आत येतो तो बाहेर सोडतो. तो आत कसा आला, हे मलाही ठाऊक नाही.

मुलीनं प्लग उपटला. उजव्यावरचा दिवा विझला. माझ्यात वीज उरली नाही, तरी माझा पडदा थरथरतच होता. भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू?

"तोडलंस का गं? बोलत होते ना अजून." बाई वाकल्या आणि डावा, रुसलेला कान त्यांनी माझ्या जाळीला लावला. "हं. ऐकतेय," त्या म्हणाल्या.

मुलीचे कान चांगले तिखट, पण तिला काहीच ऐकू आलं नाही. तिनं आईचा हात घट्ट धरून ठेवला.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर चिडू नका, नुसता आवाज वाढवू नका. शब्द उजळतील असं काही करा, माझ्यासारख्याची जाळी अधूनमधून पुसा. आणि पुसताना आतून कुणी हाक मारली, तर हातातलं फडकं टाकून पळू नका. एकदा ओ द्या. तिकडून ऐकणारालाही कदाचित कमीच ऐकू येत असेल, तेव्हा जरा स्पष्ट द्या.