तीन दात्यांचा फरक

मास्तरांनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली तेव्हा ताई एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसली होती. तिने मान वर केली नाही. पण इंजिन बंद होता होता जी एक उचकी आली, ती ऐकून तिच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. अशी उचकी देणारी एकच मोटारसायकल तिने आयुष्यात पाहिली होती. ती चोवीस वर्षं मास्तरांच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून पडली होती.

"ही आज कशी काय बाहेर पडली?" तिने हात पुसत विचारलं.

मास्तर हेल्मेट काखेत धरून उभे राहिले. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, पण घरगुती गोष्ट सांगायची म्हटली की आधी घसा खाकरावा लागे. "थरथरते गं. साठच्या पुढे गेलं की पायाला मुंग्या येतात. सत्तरला तर आरशात मागचं काही म्हणजे काही दिसत नाही."

"कधीपासून?"

"झाला असेल एक महिना."

"आणि महिनाभर तुम्ही काय करत होतात?"

"मागच्या चाकाशी तेल गळत होतं. म्हणून त्या बाजारातल्या नव्या वर्कशॉपात टाकली. तेल थांबलं आणि थरथर सुरू झाली."

"का? माझ्या गॅरेजला कुलूप होतं?"

"तसं नाही गं. म्हटलं, तुला उगीच कशाला."

उगीच कशाला म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. गाडी मास्तरांची नव्हतीच मुळी. ती त्यांच्या धाकट्या भावाची, आणि त्या भावाला सगळा बाजार ओळंबा म्हणायचा. होताच तो तसा. उंच, किडकिडीत, वरून दोरीला बांधून खाली सोडल्यासारखा सरळ.

"त्याची मुलगी एकोणीसची झाली," मास्तर म्हणाले. "तिला बापाची गाडी हवीय. पेटीत घालून बोटीने पाठवायची. पण आधी नीट करून घे म्हणाला. आणि..." पुन्हा घसा. "तुझ्याकडूनच करून घे म्हणाला. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस, असं बजावलंय. मी त्याला त्या वर्कशॉपचं बोललेलो नाही."

ताईने किल्लीसाठी हात पुढे केला.

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर तिने गाडी पासष्टला नेली. मास्तर खोटं बोलत नव्हते. पायपट्ट्यांतून थरथर निघून गुडघ्यापर्यंत चढत होती. तिने त्याच वेगात गिअर बदलून पाहिला. इंजिनचा सूर उतरला, पण थरथर होती तेवढीच राहिली. मग क्लच दाबून इंजिन मोकळं सोडलं आणि गाडी नुसती घरंगळू दिली. तरी तेच. वेग पन्नासच्या खाली आला तेव्हा कुठे ती विझली. म्हणजे इंजिनला बोल लावण्यात अर्थ नव्हता. जे काही होतं ते गिअरबॉक्सच्या मागे होतं. परत येऊन तिने मागचं चाक फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं, टायर तपासला, बेअरिंग तपासलं. सगळं ठणठणीत. उरला शाफ्ट.

या गाडीला साखळी नव्हती. इंजिनची ताकद एका पोलादी दांड्यातून चाकापर्यंत जायची, तोच हा शाफ्ट. त्याच्या नादाला लागणारे कारागीर तेव्हाही थोडे होते. ताई आणि ओळंबा याच गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली एकाच वर्षी लागले. गाडी मोडीतून आणली होती दोघांनी मिळून, आणि एक अख्खा हिवाळा घालून उभी केली होती, रोज काम संपल्यावर. कागद ओळंब्याच्या नावावर झाले, कारण कागद कुणाच्या तरी नावावर करावे लागतात. तेव्हा दोघांपैकी कुणालाच त्यात फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

मग त्याला परदेशातल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत दोन वर्षांचं काम मिळालं. याच टेबलाशी उभं राहून तो म्हणाला होता, "चल की तूही." त्याच महिन्यात ताईच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळले होते. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही वडील होते. वडील पुढची आठ वर्षं होते, आणि तिला त्यांचं एक दिवसही ओझं वाटलं नाही, हे तितकंच खरं. पत्रं आधी पंधरवड्याला यायची, मग वर्षाच्या सुरुवातीला एक, मग तेही नाही. चौथ्या वर्षी मास्तरांनीच घसा खाकरत त्याच्या लग्नाचं सांगितलं. "छान झालं," ती म्हणाली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने जन्मात पहिल्यांदा क्लचची प्लेट उलटी बसवली.

भांडण नाही, तंटा नाही. चूक कुणाची म्हणावी तर कुणाचीच नाही. म्हणूनच बहुधा ते कधी संपलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मागचं चाक उतरवलं आणि शाफ्टचा मागचा तुकडा बाहेर काढला. दांडा दोन तुकड्यांचा. एकाच्या दात्यांत दुसरा सरकून बसतो, आणि दोन्ही टोकांना मनगटासारखा वळणारा सांधा असतो, त्याला मेकॅनिक क्रॉस म्हणतात, आणि त्याला धरणाऱ्या पकडींना कान. मागचा क्रॉस हातात धरून हळूच वळवला की बरोबर मधोमध अडखळत होता. जुनं दुखणं. नवा क्रॉस शोधायला दोन दिवस आणि चार दुकानं लागली. तो तिने दाबयंत्रावर केसाचाही फरक न ठेवता बसवला. काढताना स्वतः केलेल्या खडूच्या खुणेला खूण जुळवून दांडा जोडला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढली.

निम्मी थरथर गेली होती. निम्मी तशीच होती.

"निम्मी चालेल का?" मास्तरांनी विचारलं. ते रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसत. "नाही म्हणजे, नसेलच होत तर तसं कळवतो त्याला. म्हणावं, जुनी झाली, एवढ्या लांब पाठवण्यात राम नाही. राहील बिचारी इथेच." हे बोलताना ते ताईकडे पाहत नव्हते.

ताईने पाना टेबलावर ठेवला. इथेच म्हणजे चार गल्ल्या पलीकडे. इतकी वर्षं ती त्या शेडवरून जाताना कधी थांबली नव्हती, पण वाट मात्र नेमकी तीच धरायची. लांब पडत असली तरी.

"कळवा बापडे," ती म्हणाली. "पण आधी त्याला विचारा तरी, शेवटी शाफ्ट कसा जोडला होता."

मास्तरांनी तिथल्या तिथे फोन लावला. दोन वाक्यं बोलले आणि फोन तिच्यापुढे धरला. "तुझ्याशीच बोलतो म्हणतोय."

ग्रीसचे हात म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायला लावला.

"कशी आहेस?" आवाज जाड झाला होता.

"बरी. तू?"

"बरा."

मास्तर उठून दारात गेले आणि रस्त्यात बघण्यासारखं काही नसताना रस्ता बघू लागले.

"क्लच दाबून बघितलंस?" ओळंब्याने विचारलं, आणि ताई फोनच्या जवळ सरकली.

"बघितलं. इंजिन नाही, चाक नाही, टायर नाही. मागचा क्रॉस गेला होता, नवा घातला. तरी निम्मी आहे."

"मधल्या स्टँडवर चालवून बघितलीस?"

"मी काय काल धंद्याला लागले? स्टँडवर चाक लोंबतं, सांधे नको तितके वाकतात. तिथे चांगला शाफ्टसुद्धा नाचतो. यावरून उस्तादांनी सगळ्यांदेखत तुझी खरडपट्टी काढली होती, माझी नाही."

तो हसला. हसणं जाड झालं नव्हतं.

"बरं, दोन्ही सांध्यांचे कान एका रेषेत आहेत?"

"पुढचा तुकडा आतच आहे, तो मी काढलाच नाही. मागचा जसा होता तसा परत जोडला, माझी खूण करून."

"जसा होता तसा म्हणजे? मी जोडला होता तसा?"

ताईने दाराकडे पाहिलं. मास्तरांनी पाठ आणखी वळवली.

"मधे कुणीतरी तेल बघायला उघडला होता," ती म्हणाली. "कोण ते सोड."

"दादा," तिकडून आवाज आला, "ऐकतोयस ना?" मास्तर दाराची कडी चाचपू लागले. "मरू दे. पुढचाही काढ. दोन्ही तुकड्यांवर माझी खूण आहे, दात्यांच्या अगदी लगत. जुन्या ग्रीसखाली गेली असेल. डिझेलने पूस. थिनर लावू नकोस, थिनरने जाईल."

"असा कुठला रंग लावलायस?"

"रंग नाही तो. नेलपॉलिश आहे."

"नेलपॉलिश?"

"तुझंच. उस्तादांच्या मुलीच्या लग्नाला लावून आली होतीस. बाटली इथे फळीवर विसरलीस. मी ढापली."

ताईला ती बाटली आठवली. डाळिंबी रंगाची. आयुष्यात एवढी एकच घेतली होती तिने. "त्या बाटलीवरून मी बहिणीशी पंधरा दिवस अबोला धरला होता."

"माहितीय. म्हणून तर परत द्यायची हिंमत झाली नाही."

विचारायचं खूप होतं. बायको कशी आहे, डोक्यावर केस उरलेत का, अजून उभ्याने चहा पितोस का. आणि एक असं, की ज्याला प्रश्नाचं रूपच देता येत नव्हतं. "पुसून बघते," ती म्हणाली. "बघ," तो म्हणाला. मास्तरांनी येऊन फोन उचलला.

त्याच संध्याकाळी तिने पुढचा तुकडा काढला. फडक्याला डिझेल लावून हलक्या हाताने पुसत गेली. काळं सुटलं, तपकिरी सुटलं, आणि मग तिच्या नखाएवढी एक डाळिंबी रेघ दिसली. मागच्या तुकड्यावर दुसरी. दोन्ही तुकडे होते तसे जुळवले तर दोन रेघांमध्ये तीन दात्यांचं अंतर पडत होतं. वर्कशॉपवाल्याने घाईत जिथे बसला तिथे ढकलून दिला होता.

एवढ्याशा फरकाने काय होतं, ते उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वाकलेला सांधा एका फेरीत दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. एकटा असेल तर हे झटके थेट चाकाला बसतात. दुसरा त्याच्या रेषेत असेल तर पहिला घाई करतो तेव्हा दुसरा रेंगाळतो, आणि चाकाला काही कळतच नाही. रेषेतून ढळले की एक दुसऱ्याला सावरू शकत नाही.

एक तुकडा दुसऱ्यात अर्धा सरकवून ती तशीच उभी राहिली. रेघेला रेघ जुळवली तर गाडी बोटीवर चढते. तुकडा तीन दाते बाजूला ढकलला तर ती ताडपत्रीखाली जाते, कायमची. जगात कुणालाही कळलं नसतं. मास्तरांना कळलं असतं तरी ते बोलले नसते. टेबलावरच्या चहावर साय धरली. मग तिने रेघेला रेघ लावली आणि तळहाताने एक दणका दिला. दाते खटकन बसले.

सकाळी ती त्याच सरळ रस्त्याला लागली. साठ. सत्तर. ऐंशी. काही नाही. गाडी तुपासारखी चालत होती. परत फिरायची जागा आली आणि मागे पडली. पूर्वी चाचणीला निघाले की ओळंबा मागे बसायचा. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून थरथर जाणवली की तिच्या खांद्यावर बोटं दाबायचा, थांबली की सोडायचा. आता दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिचा उजवा खांदा मात्र मैलोन् मैल वाट बघत होता. पुलापलीकडे तिने गाडी कडेला घेतली. हेल्मेटची काच वर केली, डोळे पुसले, "शहाणीच आहेस," असं स्वतःला मोठ्याने म्हणाली आणि वळली.

"झाली?" मास्तरांनी विचारलं.

"झाली."

"पूर्ण?"

"पूर्ण. सुताराला बोलवा पेटीचं माप घ्यायला."

मास्तर किल्ली हातात खेळवत राहिले. "मी तेव्हाच त्याला म्हणायला हवं होतं," ते एकदम म्हणाले, "की बाबा, जाऊ नकोस. किंवा तुला, की जा. वडिलांकडे आम्ही बघतो. एवढं साधं बोलता आलं नाही मला."

"मी गेले नसते मास्तर," ताई म्हणाली. हे खरं की खोटं, ते तिलाही माहीत नव्हतं. मास्तरांचा चेहरा थोडा सैल झाला, तेवढं तिला पुरलं.

पेटीत गाडी बांधायचे पट्टे तिने स्वतः आवळले, आणि हमाल येण्याआधी घरी निघून गेली.

अडीच महिन्यांनी एका दुपारी गॅरेजचा फोन वाजला. पलीकडे पोरीचा आवाज होता, घाईतला, किंचित धाप लागलेला.

"मावशी? मी बोलतेय. गाडी माझ्याकडे आली ती. बाबा म्हणाले, शाफ्टचं काही असलं तर मावशीलाच विचार, मला आता आठवत नाही."

मावशी. ताईने स्टूल ओढून घेतलं. "बोल बाळा."

"शाफ्टचं तेल बदलतेय. खालचा बोल्ट हलतच नाही."

"कुठला पाना लावलायस? आणि हिसका देऊ नकोस, डोकं गोल होईल. पान्यावर वजन टाक आणि थांब. तोच सुटेल."

फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. पोरीचं कण्हणं. मग कट् करून एक लहानसा आवाज, जो ताईने झोपेतही ओळखला असता.

"सुटला, मावशी!"

"शाबास. आता लगेच लावून टाकू नकोस. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांब."

"किती वेळ लागेल?"

"लागेल दहा-पंधरा मिनिटं."

"तुम्ही थांबाल फोनवर?"

"थांबते."

तिकडे पोर फोनवर असतानाच कुणीतरी थाळी सरकवून बोल्टखाली घेतल्याचा आवाज आला. कोण, ते ताईने विचारलं नाही. कानाला फोन लावून ती बसून राहिली, आणि दूरवर तेल गळताना ऐकत राहिली.